दोष आढळला नाही

वयाच्या बावन्नाव्या वर्षी, दहा-बारा अनोळखी माणसांसमोर उभं राहून तोंडाने "कर्रर्र... धप्प" असा आवाज काढून दाखवायची वेळ माझ्यावर येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ती वेळ आली. वर्कशॉपच्या काउंटरवरच्या बाईंनी अर्ज पुढे ओढला, "तक्रारीचं स्वरूप" या रकान्यावर पेन टेकवलं आणि विचारलं, "कसा आवाज येतो?"

"विचित्र," मी म्हणालो.

"विचित्र म्हणजे? शिट्टीसारखा, घासल्यासारखा, की खडखड?"

"आधी गुरगुरतो, मग जरा कण्हतो आणि शेवटी कुणीतरी खालून गुद्दा मारल्यासारखा होतो."

"काढून दाखवा ना."

मी आजूबाजूला पाहिलं. बाकावर बसलेल्या ग्राहकांपैकी कुणीही वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नव्हतं, याची खात्री करून घेतली आणि हळूच आवाज काढला. "जरा मोठ्याने," बाई म्हणाल्या. मी मोठ्याने काढला. सगळी वर्तमानपत्रं एकदम खाली आली. बाईंनी शांतपणे लिहिलं, "ग्राहकाच्या म्हणण्यानुसार : कर्रर्र-धप्प." त्या दिवसापासून त्या वर्कशॉपमध्ये मला पडलेलं नाव आजतागायत टिकून आहे. समोर सगळे "साहेब" म्हणतात, पण माझी पाठ वळली की काय म्हणतात ते मला ऐकू येतं.

गाडी जेमतेम तीन महिन्यांची होती. मोठी, उंच, जिच्यात बसायला पाय वर उचलावा लागतो, अशी. आमच्या तिघांच्या कुटुंबाला (मी, बायको आणि सासरे) एवढी मोठी गाडी कशाला, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. मी उत्तर द्यायचं टाळलं, कारण उत्तर माझ्यापाशीही नव्हतं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात मी सव्वीस वर्षं खुर्ची सांभाळली आहे. नळाला पाणी येत नाही, पाणी गढूळ येतं, मीटर उलटा फिरतो, अशा हजारो तक्रारींवर मी लाल शाईने शेरा मारला आहे : "स्थळ पाहणी केली. दोष आढळला नाही." इतकी वर्षं खाली मान घालून लिहिल्यावर माणसाला एकदा तरी उंचावरून रस्त्याकडे बघावंसं वाटतं. एवढंच.

आता त्या गोल बटणाविषयी सांगायला हवं. गिअरच्या शेजारी एक गोल बटण आहे. त्यावर "दोन" आणि "चार" असे आकडे आहेत. दोनवर असलं की इंजिन मागची दोनच चाकं फिरवतं, आणि चारवर केलं की पुढचीही फिरवतं. शिवाय चारवर केलं की समोर एक छान हिरवा दिवा लागतो. गाडी ताब्यात देताना विकणारा तरुण म्हणाला होता, "याची तुम्हाला काही रोज गरज पडायची नाही, साहेब." हे वाक्य मला लागलं. रोज गरज न पडायला काय झालं? मी माणूस नाही? शोरूमच्या फाटकातून बाहेर पडताच मी बटण चारवर केलं आणि तिथून पुढे ते चारवरच राहिलं. विकत चार घेतली आणि वापरायची दोन, हे आमच्या घराण्याच्या रक्तात नाही. राहता राहिली गाडीची माहितीपुस्तिका. ती मळू नये म्हणून मी तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, सील न फोडता, कपाटात घराच्या कागदपत्रांखाली जपून ठेवली होती.

आवाज पहिल्यांदा आला तो आमच्या इमारतीच्या फाटकातून आत वळताना. कर्रर्र... धप्प. गाडीने अंग चोरल्यासारखं केलं आणि एक छोटीशी उडी मारली. मागून सासरे म्हणाले, "जावईबापू, काहीतरी तुटलं."

तळमजल्यावरचे शेजारी गॅलरीतच बसलेले असतात. त्यांना सगळी इमारत "तज्ज्ञ" म्हणते. एकदा बंद पडलेली लिफ्ट त्यांनी लाथ घातल्याबरोबर सुरू झाली होती, तेवढ्या भांडवलावर ते पंधरा वर्षं सल्ले देत आले आहेत. त्यांनी तिथूनच हात वर केला आणि ते चपला न घालताच बाहेर आले. मला चार वेळा फाटकातून आत-बाहेर करायला लावलं, स्वतः शेजारी बसले, हिरव्या दिव्याकडे कौतुकाने पाहत म्हणाले, "वा! चारही चाकं! म्हणजे दुप्पट ताकद!" आणि मग डोळे मिटून निदान केलं, "वजनाचा तोल जातोय. मागे डाव्या बाजूला कोण बसतं?"

मागे डाव्या बाजूला माझी बायको बसते.

मी तज्ज्ञांचा निष्कर्ष तिला शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितला. सौम्य शब्दांचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बसने जाऊ लागली. सासऱ्यांना मी मधोमध बसवलं, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या ठेवल्या आणि गाडी वळवली. कर्रर्र... धप्प. बायको त्याच वेळी बसमधून उतरून फाटकाशी पोचली होती. "मी बसमध्ये होते," ती सासऱ्यांना उद्देशून म्हणाली, "आणि आवाज यांच्या गाडीत होता. एवढं फक्त कुणीतरी त्या खालच्या तज्ज्ञांना कळवा." त्यावर तज्ज्ञांनी आपलं निदान सुधारलं. म्हणाले, दोष खोल आहे, इंजिनापासून चाकांपर्यंत ताकद नेणारे दांडे आणि दाते असतात त्यांच्यातच, आणि कंपनी तुम्हाला तो कधीच कबूल करणार नाही. मला हे पटलं. दोष कबूल न करणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

म्हणून वर्कशॉप. गाडी परक्याच्या हाती द्यायची तर तयारी लागते. वर्कशॉपच्या अलीकडच्या वळणावर रंगाचं एक दुकान आहे. तिथे कडेला गाडी थांबवून मी पायपुसणी गुंडाळून पिशवीत भरली, अत्तराची बाटली काढली, मानेची उशी काढली, कागदी रुमालांचा डबा काढला आणि बटण चारवरून दोनवर केलं. आपल्या गाडीची चारही चाकं त्यांनी का म्हणून वापरायची? त्यांना तपासायला दोन पुष्कळ झाली. एवढं आवरून मग मी आत गेलो आणि तो आवाज काढून दाखवला.

गाडी तपासायला आले ते तिथले सगळ्यात जुने मिस्त्री. पंचावन्नच्या आसपासचे, अंगाने बारीक, कानाशी पिकलेले केस. ते बोलण्याआधी मान डाव्या खांद्याकडे कलती करतात, जणू समोरचा माणूसही एक इंजिन आहे. ते गाडी चालवायला बसले, मी शेजारी. त्यांनी डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, मागे घेतली, मैदानात गोल फिरवली. गाडी अशी गप्प की शिकवून ठेवल्यासारखी. परत आल्यावर त्यांनी अर्जावर लिहिलं, "तपासणी केली. दोष आढळला नाही."

माझंच वाक्य! सव्वीस वर्षं लोकांना ते वाचून काय होत असेल ते मला त्या क्षणी कळलं. आणि तिथून घरी आल्यावर (अर्थात पायपुसणी, बाटली, उशी, डबा, बटण सगळं जागच्या जागी लावून) फाटकातून वळलो तो कर्रर्र... धप्प.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. पुन्हा रंगाच्या दुकानाशी थांबलो, पुन्हा सगळं आवरलं. पुन्हा तेच मिस्त्री, तीच कलती मान. या वेळी ते अर्धा तास फिरले, गाडी वर चढवून खालून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, या गाडीत आवाज नाही."

"मग काय माझ्या डोक्यात आहे?"

"तसं मी म्हटलं नाही. मला ऐकू आला नाही, एवढंच म्हणतो."

"तुम्हाला ऐकू येत नसेल, तर तो तुमच्या कानांचा प्रश्न आहे," मी सगळ्यांसमोर म्हणालो.  मिस्त्रींनी हातातल्या फडक्याची दोनदा घडी केली आणि ते निघून गेले.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तक्रार हा माझा विषय आहे. त्या आठवड्यात मी चार पानी तक्रार लिहिली, तीन प्रतींत. एक मॅनेजरला, एक कंपनीच्या मुख्य कार्यालयाला आणि एक माझ्या फायलीला. आजवर मला आलेल्या उत्तमोत्तम तक्रारींतला सगळा दारूगोळा मी त्यात वापरला. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं, ते लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन बायकोला वाचून दाखवलं होतं : "सदर कर्मचाऱ्याची श्रवणक्षमता संशयास्पद असून तिची वैद्यकीय तपासणी होणे ग्राहकहिताच्या दृष्टीने अगत्याचे आहे." बायको म्हणाली, "कशाला त्या माणसाच्या पोटावर पाय देता?" मी म्हणालो, "तत्त्वाचा प्रश्न आहे."

तक्रारीने काम केलं. माझ्या आयुष्यात एवढ्या वेगाने काम करणारी तक्रार मी पाहिली नाही. मुख्य कार्यालयाने हुकूम काढला आणि माझ्या गाडीचा अख्खा गिअरबॉक्स बदलून मिळाला. गाडी घ्यायला गेलो तेव्हा धुण्याच्या जागी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, मिस्त्री एका गाडीवर पाण्याचा फवारा मारत होते. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, "त्यांची कानांची तपासणी व्हायचीय ना. रिपोर्ट येईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, असा आदेश आहे." धुण्याच्या जागी कुणीतरी त्यांच्या कानाशी जाऊन मुद्दाम ओरडलं, "मिस्त्री! ऐकू येतंय का?" आणि तिथे हशा पिकला. मला बरं वाटलं नाही, पण मी काढता पाय घेतला. नवा गिअरबॉक्स ऐकायची घाई होती.

फाटकाशी वळलो. कर्रर्र... धप्प.

तज्ज्ञ गॅलरीतून ओरडले, "जुनाच घातला असणार!"

पुढच्या गुरुवारी मी रजेवर होतो. सकाळी दारावरची बेल वाजली. दारात मिस्त्री. साधा पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात एक लिफाफा. मला वाटलं, माणूस भांडायला आला. त्यांनी लिफाफा पुढे केला. कानांचा रिपोर्ट होता. दोन्ही कान व्यवस्थित.

"अभिनंदन," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"आज माझी सुट्टी आहे, साहेब," ते म्हणाले. "मला एकदाच तुमच्याबरोबर इथून गाडीत बसू द्या. घरापासून. रिपोर्ट चांगला आलाय, पण माझी खात्री होत नाही. तुम्ही म्हणता आवाज आहे, घरचे म्हणतात आहे, आणि मला येत नाही. तीस वर्षं मी या कानांवर भाकरी खाल्ली. गेले तीन आठवडे घरातलं घड्याळ एका कानाला लावतो, मग दुसऱ्या कानाला लावतो. बायको विचारते, काय झालंय तुम्हाला?"

माझ्या बायकोने आतून चहा आणला, त्यांना खुर्ची दिली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीही येते."

निघालो. हिरवा दिवा लागला, गाडी फाटकातून बाहेर वळली. कर्रर्र... धप्प.

मी आयुष्यात कुणाच्या चेहऱ्यावर असा आनंद पाहिला नाही. मिस्त्री सीटवर ताठ झाले आणि लहान मुलासारखे ओरडले, "आला! आला की! ऐकू आला मला!" त्यांनी मागे वळून बायकोला विचारलं, "वहिनी, आत्ताच ना? आधी कण्हला आणि मग ठोका?" ती "हो" म्हणाली, तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "चला साहेब, असेच वर्कशॉपला चला. मॅनेजरसाहेबांना ऐकवू या. तुम्ही खरे होतात."

तुम्ही खरे होतात! हे मला इतके दिवस कुणी म्हटलं नव्हतं. मी छाती फुगवून गाडी हाकली. रंगाचं दुकान आलं. मी सवयीने कडेला थांबलो, पायपुसणी गुंडाळली, बाटली काढली, उशी काढली, डबा काढला आणि बटण फिरवलं.

"हे काय केलंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही, रोजचंच. गाडी तुमच्याकडे द्यायची म्हणजे दोनवर करून देतो."

"आणि एरवी?"

"एरवी चारवर. घेतलंय कशाला मग?"

मिस्त्रींची मान डाव्या खांद्याकडे कलली.  मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, त्या मैदानात घ्या जरा."

मैदानात त्यांनी मला दोनवर गोल फिरवायला लावलं. गाडी गप्प. चारवर फिरवायला लावलं. कर्रर्र... धप्प. दोनवर गप्प. चारवर धप्प. मी ऐकेचना. मला वाटत होतं, पुढच्या वेळी तरी दोनवर आवाज येईल आणि माझी लाज राखेल. अकराव्या फेरीला मागून बायको म्हणाली, "अहो, पुरे."

मिस्त्रींनी मला समजावून सांगितलं. वळताना पुढची चाकं लांबचा रस्ता कापतात, मागची जवळचा. दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरायचं असतं. चारवर केलं की ती एकमेकांना बांधली जातात. चिखलात, वाळूत चाक घसरतं, म्हणून चालून जातं. पक्क्या रस्त्यावर घसरायला जागा नसते, मग पुढची मागच्यांना ओढतात, मागची पुढच्यांना, पीळ बसत जातो आणि शेवटी झटक्याने सुटतो. "गाडी ओरडत होती साहेब," ते म्हणाले, "आणि ती बरोबरच ओरडत होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार पानी तक्रार आठवली, ते तिसरं पान आठवलं, घड्याळ आठवलं. एक धडधाकट गिअरबॉक्स मी काढायला लावला होता आणि एक धडधाकट माणूस गाड्या धुवायला. शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "साहेब, असं करू. मी अर्जावर लिहितो, बोल्ट ढिला होता, आवळला. तुमचा मानही राहील आणि विषयही मिटेल. एवढ्या मोठ्या माणसाला लोकांनी हसावं, हे बरं नाही."

आणि मी म्हणालो, "बरं."

आजही लिहिताना हात अडतो, पण म्हणालो खरा. वर्कशॉपमध्ये मिस्त्रींनी अर्जावर तसं लिहिलं. मॅनेजरने तो वाचला आणि काउंटरसमोरच, सगळ्यांच्या देखत, मिस्त्रींना विचारलं, "दोनदा गाडी हाताखालून गेली आणि एक ढिला बोल्ट दिसला नाही तुम्हाला? कान ठीक आहेत म्हणता, मग आता डोळे तपासायचे का?" मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले. मी भिंतीवरच्या टायरच्या चित्रात तोंड खुपसून उभा होतो. त्या टायरला किती खाचा आहेत, ते मी आजही सांगू शकेन.

परत येताना शेजारची जागा रिकामी होती, तरी बायको मागेच बसली. घरी आल्यावर तिने कपाट उघडलं, घराची कागदपत्रं बाजूला केली, प्लॅस्टिकची पिशवी फाडली आणि पुस्तिका उघडून जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवली. पहिल्याच पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत छापलेलं होतं : कोरड्या पक्क्या रस्त्यावर "चार" वापरू नये. तिने वाचून दाखवलं नाही. फक्त म्हणाली, "तक्रार करायला चार पानं लागली होती तुम्हाला. हे अर्ध्या पानात मावेल."

सासरे कोपऱ्यातून म्हणाले, "जावईबापू, चष्मा देऊ का?" त्यांनी ते खरोखरच मदत म्हणून विचारलं होतं, पण मला तो टोमणाच वाटला.

मी लिहायला बसलो. सव्वीस वर्षांत एवढा खोडलेला कागद माझ्या हातून झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मी वर्कशॉपमध्ये जाऊन तो मॅनेजरच्या हातात दिला आणि म्हणालो, "हे मिस्त्रींसमोर वाचा." त्याने काउंटरसमोर उभं राहून मोठ्याने वाचलं. बोल्ट ढिला नव्हता. आवाज माझ्यामुळे येत होता. तपासणीआधी दर वेळी मीच बटण फिरवून तो बंद करत होतो. मिस्त्रींनी दोन्ही वेळा लिहिलेलं खरं होतं. मी त्यांच्या कानांविषयी जे लिहिलं, ते खोटं होतं, आणि काल त्यांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यायला लावून मी गप्प राहिलो, ते त्याहून वाईट होतं. सर्वांत खाली, सवयीने, लाल शाईने मी शेरा मारला होता : "तक्रारदाराची पाहणी केली. दोष आढळला."

धुण्याच्या जागेवर पाण्याचा फवारा बंद झाला. मिस्त्री रबरी बुटांसकट आत आले आणि त्यांनी तो कागद स्वतः एकदा वाचला. बाकावर बसून त्यांनी आधी एक बूट काढला, मग दुसरा.

गोष्ट इथे संपली असती तर माझी थोडी तरी अब्रू वाचली असती. पण काउंटरवरच्या बाईंनी तो कागद चौकटीत घालून ग्राहकांच्या बाकामागच्या भिंतीवर, पाण्याच्या यंत्राच्या वर, टांगला आहे. दुसरीकडे कुठे टेकायला जागा नसल्यामुळे सर्व्हिसिंगला गेलं की मला त्याच्याखालीच बसावं लागतं. परवा गेलो (पायपुसणीसकट, बाटलीसकट), तर शेजारचे एक गृहस्थ पाणी पिता पिता तो वाचत होते. वाचता वाचता त्यांना ठसका लागला.

"अहो, हे वाचलंत का?" ते डोळे पुसत मला म्हणाले. "मिस्त्रीला बहिरा ठरवला हो या माणसाने! आणि बटण स्वतःच फिरवत होता! असतील का हो खरंच अशी माणसं?"

मागच्या खेपेला असंच एकांनी विचारलं होतं, तेव्हा मी नुसतं "असतील" म्हटलं होतं, आणि तो दिवस वाईट गेला होता. या वेळी मी उठून उभा राहिलो.

"मीच तो," मी म्हणालो.

ते गृहस्थ गोरेमोरे झाले. त्यांनी हातातला पाण्याचा पेला मला देऊ केला. तेवढ्यात आतून मिस्त्री फडक्याला हात पुसत आले. माझी गाडी मैदानात फिरवून झाली होती. त्यांनी अर्ज माझ्यापुढे धरला. रकान्यात लिहिलं होतं, तपासणी केली, दोष आढळला नाही. मी सही केली. मिस्त्रींनी मान कलती करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, तुमचं काय? काही आवाज?"

"येतो अधूनमधून," मी म्हणालो.

"येऊ दे," ते म्हणाले. "चालू आहे म्हणून येतो."